शाळा व्यवस्थापन समितीवर जाताना

मुलाच्या दप्तरातून एक चिठ्ठी येते, किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो: शनिवारी सकाळी अकरा वाजता पालकसभा, विषय – शाळा व्यवस्थापन समितीची निवड. आपण वाचतो, 'जाईल कुणीतरी' म्हणतो आणि कामाला लागतो. जातंही कुणीतरी. पंधरा-वीस जण जमतात, त्यांतूनच नावं निघतात आणि पुढची दोन वर्षं शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवायचा अधिकार त्यांच्याकडे जातो. या वेळी ते 'कुणीतरी' आपण व्हायचं ठरवलं, तर काय काय समोर येतं ते ओळीने सांगते. मी दोन वेळा या समितीवर होते. पहिल्या वेळी काहीच कळलं नव्हतं.

आधी आपली शाळा कोणत्या प्रकारची आहे ते बघा. ही समिती शिक्षण हक्क कायद्याने आली. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम २१ सांगतं की जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका अशा सरकारी शाळांमध्ये आणि अनुदानित शाळांमध्ये ही समिती हवीच. त्याआधी गावोगावी ग्राम शिक्षण समिती असायची; जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत समितीचं काम सल्ला देण्यापुरतं उरलं. म्हणजे खरा अधिकार आहे तो सरकारी शाळेत.

आपलं मूल विनाअनुदानित खासगी शाळेत असेल, तर ही समिती तिथे नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याची कार्यकारी समिती २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे सोडतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरते. निवडणूक नाही, नशीब. त्याचा मुख्य विषय फी. तो वेगळ्या लेखाचा मामला आहे.

आता समितीत कोण असतं ते पाहू. महाराष्ट्रात मुख्याध्यापक सोडून १२ ते १६ सदस्य असतात. त्यांतले निदान तीन चतुर्थांश पालकच हवेत. बारा जणांची समिती धरली तर नऊ पालक. उरलेल्या तिघांत एक ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेचा निवडून आलेला सदस्य, एक शिक्षकांनी निवडलेला शिक्षक आणि एक पालकांनी निवडलेली शिक्षणाची जाण असलेली गावातली व्यक्ती. एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. मुख्याध्यापक सदस्य सचिव, म्हणजे बैठक बोलावणारे आणि कागदपत्रं सांभाळणारे. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष मात्र पालकांमधूनच होतात. सरपंच कितीही वजनदार असोत, ते केवळ सरपंच म्हणून या खुर्चीवर बसू शकत नाहीत.

सभेला गेल्यावर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे यादी मागणं. कोणत्या वर्गातून किती पालक घ्यायचे आहेत, त्यांत महिला किती, कोणत्या घटकातून किती, हे फळ्यावर लिहायला सांगा. फळ्यावर आकडे आले की अर्धी गडबड तिथेच थांबते. नाहीतर कुणीतरी मागून चार नावं घेतं, टाळ्या पडतात आणि सभा बारा वाजायच्या आत संपते.

उभं राहायला अर्ज, अनामत, चिन्ह असलं काही लागत नाही. आपण पालक असणं पुरे. एकाने नाव सुचवायचं तो सूचक, दुसऱ्याने दुजोरा द्यायचा तो अनुमोदक. जागेपेक्षा नावं जास्त आली तर हात वर करून किंवा चिठ्ठीने मत घ्यायचं. गावात हात वर करायला लोक बिचकतात, भावकी आडवी येते. म्हणून चिठ्ठी बरी. सभेआधी आपल्या मुलाच्या वर्गातल्या चार-पाच घरी जाऊन 'मी उभी राहणार आहे, या' एवढं सांगितलं तरी पुष्कळ होतं. शेतमजुरीला जाणाऱ्या आयांना सकाळी अकराची वेळ सोसत नाही. संध्याकाळी सभा ठेवा, अशी मागणी आधीच करून ठेवा.

इथली नेहमीची चूक म्हणजे गैरहजर माणसाची निवड. 'त्यांचं नाव टाका, त्या नाही म्हणणार नाहीत.' विशेषतः महिलांच्या जागा अशाच भरल्या जातात आणि मग बैठकीला नवरा येऊन बसतो. सरपंचपती आपल्याला ठाऊक आहेत. शाळेतही त्यांचे भाऊबंद आहेत. सदस्य बाई असेल तर खुर्चीवर बाईच बसली पाहिजे. यात मी तडजोड सुचवणार नाही.

निवड झाली, आपलं नाव लागलं. आता पहिली बैठक. महिन्यातून किमान एक बैठक व्हायला हवी. बैठकीची लेखी सूचना आणि विषयपत्रिका, म्हणजे कोणकोणत्या विषयांवर बोलायचं त्याची यादी, आधी हातात पडायला हवी. ती आली नाही तर मागा. पहिल्या दिवशी शाळेकडून आणखी तीन कागद मागून घ्या: समिती स्थापनेचं इतिवृत्त, चालू वर्षाचा शाळा विकास आराखडा आणि बँक खात्याचा उतारा. मागताना आवाज चढवायचं कारण नाही. मुख्याध्यापकांना पहिल्यांदा नवल वाटतं, मग सवय होते.

इतिवृत्त हा शब्द जरा थांबून समजून घेऊ, कारण समितीचं सारं बळ त्यात आहे. बैठकीत काय चर्चा झाली, काय ठरलं, सूचक कोण, अनुमोदक कोण, याची लेखी नोंद म्हणजे इतिवृत्त. शाळेत त्या वहीला प्रोसिडिंग बुक म्हणतात. बैठकीत आपण तासभर बोललो आणि वहीत ते उतरलं नाही, तर सरकारदरबारी आपण बोललोच नाही. उलटंही होतं.

माझ्या पहिल्या वर्षी एकदा पाचवीतला एक मुलगा ती लाल कापडी बांधणीची वही घेऊन संध्याकाळी दारात आला. 'सरांनी सही मागितलीय.' मी कणीक मळत होते. हात पुसले, त्याने बोट ठेवलं तिथे, माझ्या नावापुढच्या टिंबटिंबावर सही केली, त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. दोन महिन्यांनी मैदानातलं सुबाभळीचं झाड तोडलेलं दिसलं. मुलं त्याच्याच सावलीत खिचडी खायची. तावातावाने शाळेत गेले, तेव्हा वही उघडून मला दाखवण्यात आली. ठराव क्रमांक चार, धोकादायक झाड काढण्यास मंजुरी, सूचक मीच! त्या बैठकीला मी गेलेच नव्हते. मुळात बैठकच झाली होती का, हे मला अजून माहीत नाही.

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. वही घरी आली तर सही नाही. बैठक संपल्यावर इतिवृत्त तिथेच वाचून घ्यायचं, मग सही. शेवटचा ठराव आणि सह्या यांच्यामध्ये कोरी जागा दिसली तर त्यावर आडवी रेघ मारायला सांगायची. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' हा विषयपत्रिकेतला शेवटचा मुद्दा सर्वांत लक्षपूर्वक ऐकायचा. लोक उठायच्या तयारीत असतात, चहा आलेला असतो, आणि खर्चाची मंजुरी नेमकी तिथून सरकते. एखादा ठराव पटला नाही तर 'माझा विरोध नोंदवा' म्हणायचं आणि तो नोंदवला की नाही ते पाहायचं. वाचता येत नसणाऱ्या सदस्याला ते मोठ्याने वाचून दाखवणं हे सचिवांचं काम आहे, उपकार नाहीत.

पुढचा टप्पा शाळा विकास आराखड्याचा. कायद्याचं कलम २२ हे काम समितीवर टाकतं. आराखडा म्हणजे शाळेला पुढे काय काय लागणार याचा हिशेब: कोणत्या वर्गात किती मुलं येतील, शिक्षक किती कमी पडतील, खोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, कुंपण यांचं काय, आणि त्याला पैसा किती. तो तीन वर्षांचा असतो आणि त्याचे वर्षावर्षाचे तुकडे पाडलेले असतात. आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तो तयार असावा.

प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी गेल्या वर्षीचा आराखडा तारीख बदलून पुढे जातो. हे टाळायचं तर एके दिवशी दोन-तीन सदस्यांनी वही-पेन घेऊन शाळाभर फिरायचं. नळाला पाणी येतं का? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? चाकाच्या खुर्चीतलं मूल वर्गात जाईल असा उतार आहे का? कायद्याच्या परिशिष्टातलं मोजमाप सोबत ठेवा: पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे निदान एक शिक्षक, पहिली ते पाचवीचे वर्षाला २०० दिवस शाळा, सहावी ते आठवीचे २२०. 'आमच्याकडे शिक्षक कमी आहेत' या तक्रारीपेक्षा '७२ मुलं, शिक्षक दोन, कायद्याने तीन हवेत' हे वाक्य आराखड्यात गेलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

आता पैसा. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेसाठी असतात. पैसे बऱ्याचदा वर्ष सरताना येतात आणि ३१ मार्चच्या आत संपवायची घाई होते. अशा घाईत गरज नसलेल्या वस्तू येतात. म्हणून गरजेची यादी डिसेंबरातच ठरावात करून ठेवा, मग मार्चमध्ये दुकानदार ठरवणार नाही काय घ्यायचं ते. खरेदीची पावती, दरपत्रकं आणि साठा नोंदवही, म्हणजे आलेल्या वस्तूंची वही, या तिन्ही जुळल्या पाहिजेत. आणि वस्तू प्रत्यक्ष दिसली पाहिजे. अध्यक्ष झालात तर कोऱ्या चेकवर सही करू नका. 'मॅडम, तालुक्याला जायचंय, आत्ता करून द्या' असं म्हटलं तरी करू नका.

लोकवर्गणीबद्दल एक सूचना. गावाने आपखुशीने दिलं तर उत्तम, पण सहा ते चौदा वयाच्या मुलाचं शिक्षण मोफत आहे. वर्गणी दिली नाही म्हणून कुणाचा दाखला अडवता येत नाही, आणि तसा ठराव समितीनेही करायचा नसतो.

शालेय पोषण आहारावर लक्ष ठेवणं हे त्यातल्या त्यात सोपं आणि रोज दिसणारं काम. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम, असं प्रमाण आहे. म्हणजे पाचवीपर्यंतची ८० मुलं हजर असतील तर आठ किलो शिजायला हवा. मी कधीही न सांगता जायचे आणि आधी वर्गाबाहेरच्या चपलांचे जोड मोजायचे, मग हजेरी बघायचे. चपला खोटं बोलत नाहीत. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी अन्न चाखून चव रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. ती नोंद महिन्याची एकदम एकाच पेनाने केलेली नाही ना, ते पानावर नजर टाकली तरी कळतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मात्र धारेवर धरू नका. तुटपुंज्या मानधनावर धुरात उभ्या असतात. किराणा उशिरा आला, गॅस संपला, हे त्यांच्या हातात नसतं.

शिक्षकांशी वागायचं कसं, हा नाजूक भाग. समितीला शिक्षकाची बदली करता येत नाही, पगार थांबवता येत नाही, आणि वर्ग चालू असताना आत शिरून प्रश्न विचारायचा तर मुळीच नाही. शिक्षक वेळेवर येतात का, पालकांना भेटतात का, मुलांना मारत तर नाहीत ना, हे बघणं आपलं काम आहे; मारायला कायद्याने पूर्ण बंदी आहे. शिक्षक निवडणुकीच्या, जनगणनेच्या किंवा आपत्तीच्या कामावर गेले तर त्याला कायद्याची मुभा आहे, तिथे त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. पण याखेरीज इतर बिनशैक्षणिक कामांना त्यांना जुंपलं जात असेल, तर समितीने शिक्षकांच्या बाजूने ठराव करावा. अशा एका ठरावाने शाळेतलं वातावरण जितकं सुधारतं तितकं दहा भाषणांनी नाही.

तक्रार असेलच तर आधी बैठकीत, मग मुख्याध्यापकांकडे लेखी, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, म्हणजे 'मिळाला' अशी सही-शिक्का घ्यायचा. कलम ३२ प्रमाणे मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाली काढायची असते. तिथे समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. थेट फेसबुकवर टाकलेल्या व्हिडिओला ना पोच मिळते, ना मुदत लागू होते.

समितीची मुदत दोन वर्षांची. आपण पालक म्हणून आत आलेलो असतो, त्यामुळे मूल शाळेतून बाहेर पडलं की आपली जागाही सोडायची. जाताना आराखड्याची, ठरावांची आणि अर्जांची झेरॉक्स एका फायलीत घालून नव्या अध्यक्षांच्या हातात द्या. शाळेच्या कपाटात ठेवली तर ती पुन्हा सापडेलच असं नाही. आणि आत्ता आपण समितीवर नसलात, तरी पालक म्हणून बैठकीचं इतिवृत्त बघायला मागू शकता. ते लोकांना पाहायला मिळावं असंच नियमात आहे. सोमवारी मुलाला सोडायला जाल तेव्हा शेवटच्या बैठकीचं पान मागून बघा, आणि तारखेखाली कुणाकुणाच्या सह्या आहेत तेही वाचा.