दुखत नाही म्हणून थांबू नका

भारतातील पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. मुख्य कारण तंबाखू, खर्रा, गुटखा. सुरुवातीला तो दुखत नाही; म्हणून आपली माणसे उशिरा येतात.

गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काही दिसले की दवाखाना गाठा. काहीच दिसत नसले तरी तिशीनंतर तपासणी करून घ्या. आरोग्य उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते. काही मिनिटांचे काम, सुईही टोचत नाहीत.

मजुरी बुडेल म्हणून टाळू नका. रोग वाढला तर अख्खे घर बुडते. विहारात आम्ही हेच सांगतो : पाचवे शील ओठांवर असेल, तर पुडी खिशात नको.