खारपाणपट्ट्यातील धुणे आणि रिठा

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला खारपाणपट्टा आपल्या बहुतेक पालकांच्या परिचयाचा आहे. येथील विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. तोच कापडावर बसतो आणि पांढरा सदरा थोड्याच दिवसांत मळकट दिसू लागतो.

अशा पाण्यात रिठा कितपत चालतो, हे आम्ही घरी करून पाहिले. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते फेस करते, मळ सोडवते. परंतु क्षारांशी मिळून साका धरीत नाही. या झाडाच्या ‘सॅपिंडस’ या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी ‘भारतीय साबण’ असा आहे.

दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळून, निवल्यावर कुस्करून, फडक्याने गाळून घ्याव्यात. बादलीला पेलाभर पाणी पुरते. त्यात कपडे अर्धा तास भिजवून नेहमीप्रमाणे धुवावेत. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये, फार झोंबते. वऱ्हाडातील उन्हाळ्यात हे पाणी लवकर आंबते. म्हणून लागेल तेवढेच करावे. ते मासळीला मारक असल्यामुळे ओढ्यात वा तळ्यात सोडू नये.

रोजचा घामाचा मळ निघाला. सुती लुगडी व लोकरीचे स्वेटर मऊ राहिले. सदऱ्याची कॉलर आणि हळदीचे डाग मात्र रिठ्याला दाद देईनात. कॉलरीसाठी गरम पाणी व धुण्याचा सोडा घ्यावाच लागला. पांढरे कपडे पावडरीने धुतल्यासारखे झगमगतही नाहीत. पावडरीतील काही द्रव्ये कापडाला निळसर झाक देऊन ते अधिक शुभ्र भासवितात. ती झाक म्हणजे स्वच्छता नव्हे, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. तरीही वसतिगृहातील साऱ्या गणवेशांचे धुणे रिठ्यावर सोपवावे, असे आम्ही म्हणणार नाही.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. संयुत्तनिकायातील खेमक सुत्तात खारी माती, क्षार किंवा शेण लावून वस्त्र धुणाऱ्या धोब्याचा दृष्टान्त आहे; म्हणजे ही विद्या फार जुनी. पुढे गावगाड्यात परीट बलुतेदार झाला, पण त्याची सेवा आपल्या वस्तीपर्यंत पोहोचत नसे. आपल्या आज्यांनी राखेवर आणि मनगटाच्या बळावर धुणी धुतली. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, ते स्वच्छ असावे. जेथे पाणवठाच बंद, तेथे हे पाळणे म्हणजे केवढे कष्ट! त्याच परीट समाजात, १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन साऱ्यांचीच गावे झाडली, हेही विसरता येत नाही.

रिठा बहुधा काष्ठौषधीच्या दुकानातून विकत आणावा लागतो. कोरड्या रानात वाढणारे काटेरी हिंगणबेट मात्र आपल्याच शिवारातले. त्याच्या फळाच्या गरातही सॅपोनिन असते आणि रेशमी वस्त्रे धुण्यासाठी तो पूर्वापार वापरात आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या बांधावर ही झाडे अजून उभी आहेत, त्यांनी एखाद्या जुन्या कापडावर हा गर लावून पाहावा आणि काय आढळले ते शाळेस अवश्य कळवावे.