आधण आलं का?

‘याला साधं पाणीसुद्धा उकळता येत नाही,’ हा टोमणा घर सोडून खोलीवर राहायला गेलेल्या बहुतेकांनी ऐकलेला असतो. खरं तर पाणी आपलं आपण उकळतं. शिकायचं असतं ते आधण आलं की नाही, हे ओळखायला.

नवशिक्याची पहिली फसगत बुडबुड्यांपाशी होते. पातेल्याच्या तळाला आणि कडांना सुरुवातीला चिकटतात ते बारीक बुडबुडे वाफेचे नसतातच. पाणी तापू लागलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, तिचे असतात. मग पातेलं सूंऽऽ असा सूर धरतं. तळाशी वाफेचे बुडबुडे धरतात, वरच्या कमी तापलेल्या पाण्यात शिरतात आणि तिथेच मिटतात, त्याचा हा आवाज. अजूनही आधण आलेलं नाही! सूर पडून खळखळाट सुरू झाला, पाणी सगळीकडून उसळायला लागलं, की तांदूळ वैरावेत. मोदकाच्या उकडीत तर ही खूण चुकवून चालत नाही. पाणी नुसतं कढत असताना पिठी टाकली, तर उकड कच्ची राहते आणि पारीला चिरा जातात.

‘घाई आहे ना, मग गॅस मोठा कर.’ उकळी फुटेपर्यंत हे बरोबर आहे. त्यापुढे नाही. समुद्रसपाटीला उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं आणि तिथेच अडतं. गॅसचं बटण कितीही फिरवा. जास्तीची आच फक्त वाफ करण्यात खर्ची पडते. एक किलो पाणी 25 अंशांवरून 100 अंशांवर आणायला सुमारे 315 किलोज्यूल उष्णता लागते, पण त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला 2,260, म्हणजे सातपट! म्हणून झाकण ठेवायचं आणि उकळी आली की गॅस बारीक करायचा. मोठ्या आचेवर बटाटे काही फारसे लवकर शिजत नाहीत. फुटतात मात्र, आणि ओटा पुसावा लागतो तो वेगळाच.

हे 100 अंशही सगळीकडे खरे नाहीत. दर 300 मीटर उंचीला उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो. पुण्यात तो 98च्या आसपास असतो, महाबळेश्वरला 95-96, तर लेहला 88च्या जवळपास. तिथे उघड्या भांड्यात डाळ तासन् तास दाद देत नाही. कुकर आत दाब वाढवून पाणी 120 अंशांपर्यंत नेतो, त्याची करामत एवढीच.

मिठाने पाणी लवकर उकळतं, असं म्हणतात. लिटरभर पाण्यात चमचाभर मिठाने उत्कलनबिंदू वाढतो, पण अंशाच्या दहाव्या भागाइतका. मीठ चवीपुरतं, हेच खरं.

पिण्याचं पाणी वीस मिनिटं उकळत ठेवणारी घरं अजून आहेत. रोगजंतू मरायला खळखळती उकळी 1 मिनिट पुरते; 2,000 मीटरच्या वर 3 मिनिटं. मात्र फ्लोराइड, नायट्रेट उकळून जात नाहीत. पाणी आटेल तसं त्यांचं प्रमाण उलट वाढतं. जंतू मेले, तरी निवलेल्या पाण्यात ते पुन्हा शिरू शकतात. म्हणून ते झाकून निववावं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावं. पेला बुडवला की बोटंही बुडतात.