मानशीची राखण कोणाकडे?

गोव्याच्या खाजन शेतीचा सगळा भरवसा एका लाकडी दारावर असतो. मांडवी आणि झुवारीच्या काठी मातीचे लांबच लांब बांध आहेत. बांधाच्या पोटात चिऱ्याची चौकट असते आणि चौकटीत वरून टांगलेल्या फळ्या. हीच मानस. भरती चढली की नदीचे खारे पाणी बाहेरून रेटते आणि दार मिटते. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरते, आतले वर राहते आणि तेच दार ढकलून नदीकडे निघून जाते. इंजिन नाही, वीज नाही. रोजच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या हे यंत्र चालवतात.

बांधाच्या आतली जमीन म्हणजे खाजन; ती भरतीच्या पातळीहून सखल असते. राज्यात असे सुमारे १८ हजार हेक्टर क्षेत्र आहे. जूनच्या पहिल्या सरींनी मातीतले मीठ धुऊन गेले की कोरगुट पेरतात. थोडा खारटपणा सोसणारा हा भात आहे. भाताला लागून पोंय असते, म्हणजे पाणी साठवणारा आणि वाहून नेणारा आतला पाट. कापणीनंतर मानशीतून बेताने खारे पाणी आत घेतात. त्याबरोबर सुंगटे, काळुंद्री, शेवटे, चणक आत येतात. (चणक म्हणजे रायगडकरांचा लाडका जिताडा.) मग ओहोटीच्या वेळी दाराशी जाळे लावले जाते. एकाच जमिनीत भात आणि मासळी, दोन्ही. मात्र दोघांना लागणारे पाणी वेगळे, आणि ते कधी आत घ्यायचे, कधी अडवायचे हे ठरवणारा हात एकच हवा.

एकट्या शेतकऱ्याला हे जमणारे नाही. बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले तरी पाणी कोणाचा सातबारा विचारत नाही, सगळा पट्टा खारावतो. म्हणून खाजनाबरोबर गावाची व्यवस्थाही उभी राहिली. तिचे वय मोठे आहे. बांदोड्याला सापडलेल्या कोकण मौर्य राजा अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात खाजन जमिनीचे दान नोंदलेले आहे, आणि समुद्राचे पाणी अडवणारा बांध घालून ती लागवडीखाली आणण्याची गोष्टही. लिपीवरून तो पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात.

या व्यवस्थेचे नाव गावकारी. पोर्तुगीज अमलात तीच कोमुनिदाद झाली. जमीन गावाची, कसायला पावणी (लिलाव) करून द्यायची. आलेल्या पैशातून आधी सरकारचा सारा, बांध-मानशीची डागडुजी, देवळाचा आणि गावकामगारांचा खर्च. उरेल ते गावकरांत, म्हणजे गावकारीच्या सभासदांत, वाटायचे. बांध फुटला तर वाटायला काहीच उरत नसे. प्रत्येक गावकराचा स्वार्थ असा थेट चिखलाच्या त्या भिंतीत गुंतलेला होता. हे कोणा एकाच्या परोपकारावर सोडलेले नव्हते, म्हणूनच ते टिकले असे मला वाटते.

१५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने तिसवाडीच्या गावांचे रीतिरिवाज एका सनदेत लिहून काढले. पुढच्या काही दशकांत त्याच गावांतली देवळे पाडली गेली, त्यांच्या जमिनी चर्चकडे वळवल्या गेल्या. गावकारी मात्र राज्यकर्त्यांनी मोडली नाही. तिच्यावाचून सारा गोळा होणार नव्हता.

तिचे गुणगान करताना तिच्या भिंतीही पाहायला हव्यात. गावकर होणे जन्मावर, आणि तेही पुरुषाच्या वंशावर. मुलीला तो हक्क नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच बांधावर माती टाकणाऱ्या मजुराला, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला, मागाहून येऊन वसलेल्या कुटुंबाला निर्णयात जागा नाही. सर्वांचे गाव ती कधीच नव्हती.

ते गाव आले मुक्तीनंतर. कोमुनिदादची आजही लागू असलेली संहिता एप्रिल १९६१ची, आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज राजवट संपली. १९६२ मध्ये पंचायतींचा कायदा झाला, प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. १९६४ मध्ये कूळकायदा आला. १९७६च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला. हे न्यायाचे होते आणि व्हायलाच हवे होते. पण बांधाची जबाबदारी मात्र या कायद्यांत मध्येच कुठेतरी लटकली. कूळकायद्याखालच्या १९७५च्या नियमांनी ती कूळ संघटनांकडे दिली, देखरेख मामलेदाराकडे. मानशीवरच्या मासळीची पावणी त्याच संघटना करू लागल्या.

इथे घडी विस्कटली. पावणी घेणाऱ्याला मासळी हवी. खारे पाणी जितका वेळ आत राहील तितका त्याचा फायदा, आणि भाताचा तोटा. मजुरी वाढली, भात परवडेना, शेते पडीक राहिली. शेतच करायचे नाही तर बांधाची काळजी कोण करणार? मग भगदाड बुजवायला माणसे जमेनाशी झाली. खारे पाणी ठाण मांडून बसले की काही वर्षांत तिथे खारफुटी उगवते. बांधाच्या बाहेर ती हवीच, लाटांचा मारा ती झेलते. शेतात उगवली की कायद्याचे संरक्षण तिलाही मिळते आणि शेतकऱ्याची परतीची वाट आणखी अवघड होते.

२०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेख आहे: त्यांचे नकाशे करा, त्यांचे रक्षण करा. त्यामुळे खाजनात भराव घालणाऱ्याविरुद्ध गावाच्या हाती एक आधार आला. परंतु फळी कुजली तर ती बदलायला अधिसूचना येत नाही.

आज बांध फुटला तर एकाच गावात चार दारे ठोठावावी लागतात. जमिनीचा इतिहास आणि काही मालकी कोमुनिदादकडे, कसणूक आणि मासळीचा पैसा कूळ संघटनेकडे, देखरेख मामलेदाराकडे, आणि लोकांचे मत पंचायतीकडे. यांतल्या पंचायतीच्या ग्रामसभेत बाईही बोलू शकते, मुंडकारही, बांधापलीकडे जाळे टाकणारा मच्छीमारही. मानशीच्या पावणीचा हिशेब दरवर्षी याच सभेपुढे वाचला जावा, खारे पाणी कोणत्या महिन्यात आत घ्यायचे याची अट पावणीच्या कागदावर असावी, आणि आलेल्या रकमेतून बांधाचा वाटा वाटपाच्या आधी वेगळा निघावा. शेवटची अट नवी नाही. गावकारी तिच्याच जोरावर चालली होती.