सवय नेमकी कशाची झाली?

(गुंगीची औषधं : भाग ९)

गोळी हळूहळू कमी कशी करत न्यायची, ते वेळापत्रक आज देणार होतो. ते पुढच्या आठवड्यात. ठाकूरद्वारच्या एका ताईंचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही.

त्यांच्या आई चौदा वर्षं रोज रात्री अल्प्राझोलम ही गुंगीची गोळी घेतात. घरात सगळे म्हणतात, गोळी आता अंगवळणी पडली, तिला काही होत नाही. पण गॅसवर ठेवलेलं दूध वारंवार उतू जातं, आणि काल घरी कोण आलं होतं ते आज सांगता येत नाही. आता चाळीतल्या एका काकूंनी सर्पगंधा घनवटी सुचवलीय. झाडपाल्याचं औषध, त्याची सवय लागत नाही म्हणे. ताई विचारतात, खरं का हे?

आधी ‘अंगवळणी’बद्दल. मागच्या भागातला मेंदूचा ब्रेक, म्हणजे मेंदूला शांत करणारी यंत्रणा, आठवा. गोळी तो रोज दाबते, तेव्हा मेंदू स्वतःला जुळवून घेतो आणि काही दिवस-आठवड्यांत दिवसाची पेंग ओसरते. नवी आठवण मनात रुजण्याला जो अडथळा येतो, तो मात्र त्याच वेगानं ओसरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलिंडा बार्कर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचे १३ अभ्यास एकत्र तपासले. गोळ्या घेण्याचा सरासरी काळ दहा वर्षांच्या आसपास होता. स्मरण, एकाग्रता, कामाचा वेग, सगळीकडे ही माणसं मागे होती. मला यातली सर्वांत काळजीची गोष्ट वाटते ती ही की, पेंग ही एकच खूण माणसाला स्वतःला कळते आणि तीच आधी जाते. आई ‘मी ठीक आहे’ म्हणतात तेव्हा त्या मनापासूनच म्हणतात.

आता सर्पगंधा. हिची गोष्ट ठाकूरद्वारपासून फार लांबची नाही. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे मांडलं आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ साली सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातलं रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं.

रेसर्पिन ब्रेकला हातच लावत नाही. ते टाकी रिकामी करतं. मज्जातंतूंच्या टोकाशी डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी रसायनं इवल्या पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन त्या पिशव्या भरूच देत नाही. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन दिलेले ससे दाखवले, निपचित पडलेले. डोपामिन ज्याच्यापासून बनतं ते एल-डोपा टोचल्यावर तेच ससे थोड्या वेळात पुन्हा हिंडू लागले. हा प्रयोग वाचला तेव्हा मी रात्रभर त्याच विचारात होतो. कार्लसन यांना पुढे २००० साली नोबेल मिळालं, आणि पार्किन्सनच्या रुग्णांना आजही एल-डोपा दिलं जातं.

तर ताई, ‘सवय लागत नाही’ म्हणजे निर्धोक, असं होत नाही. रेसर्पिनचा परिणाम दिवसेंदिवस साठत जातो आणि औषध थांबवल्यावरही लगेच जात नाही, कारण नव्या पिशव्या तयार व्हायला वेळ लागतो. सुस्ती, चोंदलेलं नाक, कंप हे त्याचे ओळखीचे त्रास. मन खोल उदास झाल्याच्या नोंदी १९५० च्या दशकापासून आहेत. हे किती जणांत होतं, यावर मतभेद आहेत. पण आधीच विसरायला होणाऱ्या आईंना दोन्ही औषधं एकत्र देणं मला मुळीच पटत नाही. आणि वटी सुरू करायची म्हणून गोळी एकदम बंद तर अजिबात करू नका, झटके येऊ शकतात.

एक वही करा. गोळी किती वाजता घेतली, झोप केव्हा लागली, दिवसभरात काय विसरलं, दोन आठवडे लिहा. पडल्या, तोल गेला, तेही लिहा. वही डॉक्टरांना दाखवा. ते गोळी कमी करा म्हणाले, तर पुढच्या भागातलं वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेवता येईल.