काकू, मला डॉल्फिनबरोबर पोहायचंय!

पुतणीनं हे वाक्य उच्चारलं तेव्हा मी पिंपात पाणी गाळून भरत होते. मे महिन्यातली दुपार. मैत्रिणींनो, आमच्या पोशेऱ्यात मे महिना म्हणजे पाण्याचा हिशेब ठेवायचा महिना. आमचा मोखाडा तालुका पावसाळ्यात नुसता धो धो भिजतो. मुंबईची तहान भागवणारं मध्य वैतरणा धरण २०१४ पासून याच तालुक्यात उभं आहे. तरीही उन्हाळा आला की पाड्यापाड्यांवर बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट बघत बसतात. अशा दिवसांत हे पोहण्याचं खूळ!

पुतणी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, मुंबईला वसतिगृहात राहून शिकते. सुट्टीला आली होती. तिनं मोबाइलवरचे फोटो माझ्यापुढे धरले. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या नदीत गुलाबी डॉल्फिन आणि त्यांच्या शेजारी पोहणारी कॉलेजची मुलंमुली. पाठीवर पिशवी टाकून निघायचं, एका दिवसाची सहल घ्यायची, नदीत उतरायचं आणि संध्याकाळी परत!

सासूबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "इथं प्यायला पाणी नाही आणि हिला माशांबरोबर पोहायचंय!"

"आजी, तो मासा नाही," पुतणी म्हणाली.

पोरीचं बरोबरच होतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, पण हे मला नव्यानंच कळलं. डॉल्फिन आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो. मादी एका वेळी एकाच पिल्लाला जन्म देते, त्याला दूध पाजते, पुढं कितीतरी दिवस त्याला बरोबर घेऊन हिंडते. आणि नदीतले डॉल्फिन बघायला ब्राझीलपर्यंत जायलाही नको. आपल्या गंगेत, ब्रह्मपुत्रेत ते आहेत; तिकडं त्यांना 'सूस' म्हणतात. या सूसच्या डोळ्यांत भिंगच नसतं, त्यामुळे तो जवळजवळ आंधळा. बारीक आवाज काढायचा आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढायची, भक्ष्य शोधायचं. २००९ साली सरकारनं त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. बिहारात सुलतानगंज ते कहलगाव या गंगेच्या पट्ट्यात १९९१ पासून त्याच्यासाठी अभयारण्य आहे. २०२५ मध्ये देशभरच्या पाहणीचे आकडे आले, तेव्हा नदीतले डॉल्फिन भरले ६,३२७. एवढ्या मोठ्या देशात एवढेच! चीनच्या यांगत्से नदीतला 'बाइजी' तर २००६ साली शोधूनही एकसुद्धा दिसला नाही.

आता ब्राझील काही आमच्या खिशाला परवडणारं नव्हतं. पण नुसतं "नाही" म्हटलं असतं तर? या वयातली मुलगी गप्प बसते आणि पुढं न सांगता जाते. माझी नणंद मालवणात असते. कोकणच्या किनाऱ्याला डॉल्फिन दिसतात. ते समुद्रातले, पण नदीच्या मुखाशी, खाडीतही येतात. मी म्हटलं, "डिसेंबरात आत्याकडे जाऊ. एक दिवस तुझा. पण मी बरोबर येणार." पोरीनं टुणकन उडी मारली.

ठरल्याप्रमाणे गेलो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. सकाळी सातला आम्ही तिथून होडीत बसलो. तांडेल साठीच्या घरातला. त्यानं निघतानाच बजावलं, "गादे बघूक जाऊया. पाण्यात उतरूचा नाय. हयसर पाण्याक ओढ असा." गादा म्हणजे तिकडच्या कोळ्यांचा डॉल्फिन. पुतणी काही बोलली नाही. पोरीनं कपड्यांच्या आत पोहण्याचा पोशाख घातलेला आहे, हे मला होडीत बसल्यावर कळलं!

थोडं आत गेल्यावर तांडेलानं इंजिन बंद केलं. सगळं शांत. आणि 'फुस्स' असा आवाज आला, अगदी थकल्याभागल्या बाईनं सुस्कारा टाकावा तसा. करडी पाठ, तिच्यावर कुबडासारखा उंचवटा, वर आली आणि गेली. मागोमाग एक छोटी पाठ. मायलेकरं होती ती! माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात पर्यटकांनी भरलेली दुसरी होडी भरधाव आली. आरडाओरडा, शिट्ट्या. होडीवाल्यानं जोडीभोवती दोन चकरा मारल्या. दोन्ही पाठी दिसेनाशा झाल्या. "काकू, आताच, नाहीतर जातील!" म्हणत पुतणीनं एक पाय होडीच्या काठावर टाकला. मी तिचं मनगट घट्ट धरलं. तांडेल ओरडला, "खाली बस!" ती बसली.

बऱ्याच वेळानं लांबवर एक पाठ वर आली. एकच. पुतणी डोळे ताणून बघत होती. "काकू, तिला पिल्लू सापडलं असेल ना?" मला उत्तर देता आलं नाही. तांडेल म्हणाला, "ती आवाजान एकमेकांक हुडकतत. इंजिनाच्या गोंगाटात कसा ऐकूक येतला?" परतीच्या वाटेवर पोरगी एक शब्द बोलली नाही. किनाऱ्याला लागल्यावर एवढंच म्हणाली, "बरं झालं, मी उडी मारली नाही. त्या गर्दीत मी आणखी एक झाले असते."

मैत्रिणींनो, तिचं ते झालं. माझं वेगळंच. रात्रभर एकच विचार डोक्यात. ती पाण्यात पडली असती तर मी काय केलं असतं? ओरडले असते, दुसरं काय! मला पोहताच येत नाही. माझे भाऊ कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. मी काठावर बसून त्यांचे कपडे राखत असे. पुतणी मुंबईच्या तलावात शिकली आहे, पण बांधलेला तलाव वेगळा आणि नदीच्या मुखाची ओढ वेगळी.

तुमची लेक अशा सहलीला निघाली तर अडवू नका. मात्र चार गोष्टी जरूर बघा. होडीत प्रत्येकाला अंगाला बसणारं जीवरक्षक जाकीट आहे ना, आणि त्याचे बंद खरोखर लागतात ना? किनाऱ्यावरच बांधून पाहा. तांडेलाला आधीच सांगा, "पाठलाग करायचा नाही, लांबून दिसले तरी चालेल." गिऱ्हाईक असं म्हणालं की तोही घाई करत नाही. डॉल्फिनला खायला टाकू नका, त्याच्या जवळ पाण्यात उतरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि करमणुकीसाठी डॉल्फिन कोंडून ठेवायला २०१३ सालीच केंद्र सरकारनं मनाई केली आहे. न्याहारी हलकी ठेवा, होडी लागत असेल तर आल्याची वडी तोंडात धरा. साडीपेक्षा सुती सलवार-कमीज सोयीची. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. वाऱ्यानं उडतात आणि थेट पाण्यात जातात.

आणि पाचवी गोष्ट तुमच्यासाठी. तुम्हाला पोहता येतं का? येत नसेल तर लाजू नका. नवऱ्याची, मुलांची सगळी कामं शिकतो, हे एवढं राहूनच जातं.

गेल्या ऑक्टोबरात पाऊस सरला. आमच्या नात्यातल्या एकांच्या शेतावरची विहीर काठोकाठ भरली होती. पुतणी सुट्टीला आली, तिनं टायरची ट्यूब माझ्या अंगात अडकवली आणि म्हणाली, "काकू, पाय मारा!" पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं. आठव्या दिवशी ट्यूब सोडून मी या काठाची त्या काठाला गेले. वर पाहिलं, तर सासूबाई काठावर बसून आमचे कपडे राखत होत्या.