पाण्याची साक्ष

काही वर्षांपूर्वी निरनिराळ्या शाळांतील मुलांनी काढलेल्या छायाचित्रांचे एक प्रदर्शन भरले होते. विषय होता 'पाण्याकाठी'. परीक्षक म्हणून आम्ही तिघे होतो. दीडएकशे चित्रांत एक चित्र असे होते की ते पाहताच आम्ही तिघेही थबकलो. तळ्यापलीकडे एक देऊळ, त्याच्या दोन्ही बाजूंना आंब्यांची दाट रांग आणि झाडांच्या माथ्यावरून डोकावणारी एक टेकडी. पाणी अगदी निवांत. त्यात देऊळ होते, झाडे होती, पण टेकडी नव्हती! टेकडीच्या जागी नुसते आकाश.

"टेकडी मागाहून चिकटवली आहे," आमच्यापैकी एकजण म्हणाले. मलाही तसेच वाटले. आम्ही त्या चित्रापुढे 'जोडकाम' असा शेरा मारला आणि ते बाजूला ठेवले.

बक्षीस समारंभानंतर नववीतील एक मुलगी माझ्याकडे आली. डोळ्यांत पाणी होते, पण आवाज स्थिर होता. "सर, वर्गातली मुलं मला लबाड म्हणताहेत. मी काही जोडलेलं नाही. तुम्ही एक आरसा मागवाल का?"

आरसा आला. तिने जे करून दाखवले ते तुम्हीही घरी करून पाहा. टेबलावर वीसएक सेंटिमीटर लांबीचा आरसा आडवा ठेवा. हे आपले तळे. त्याच्या पलीकडच्या कडेला एक काडेपेटी उभी करा आणि तिच्या मागे ३० सेंटिमीटरवर २० सेंटिमीटर उंचीची बाटली ठेवा. काडेपेटी म्हणजे देऊळ, बाटली म्हणजे टेकडी. आता काडेपेटीपासून ३० सेंटिमीटर अलीकडे, आरशाच्या वर सुमारे २० सेंटिमीटर उंचीवर एक डोळा ठेवून पाहा. काडेपेटीच्या वर बाटली स्वच्छ दिसते. आरशात मात्र काडेपेटीच्या मागे बाटलीचे टोक दिसत नाही. मग डोळा हळूहळू खाली आणा. डोळ्याची उंची १० सेंटिमीटरच्या खाली गेली की बाटलीचे टोक आरशात डोकावू लागते.

असे का होते? प्रतिबिंब म्हणजे समोरच्या दृश्याची उलटी प्रत, अशी आपली समजूत असते. ती चूक आहे. पाण्यात दिसणारे दृश्य, आपला डोळा पाण्याच्या वर जितका उंच आहे तितकाच पाण्याखाली असता तर जसे दिसले असते, तसे असते. समजा, कॅमेरा पाण्यापासून ५ मीटर उंच बांधावर आहे, ५० मीटरवर १० मीटर उंचीचे देऊळ आहे आणि ५०० मीटरवर ७५ मीटर उंचीची टेकडी आहे. कॅमेऱ्यातून निघून कळसाला स्पर्शून जाणारी रेषा टेकडीपाशी पोहोचते तेव्हा ५५ मीटर उंचीवर असते. म्हणून टेकडीचा वरचा २० मीटरचा भाग दिसतो. आता डोळा पाण्याखाली ५ मीटरवर कल्पा. तिथून कळसाला स्पर्शणारी रेषा ५० मीटरांत १५ मीटर चढते आणि टेकडीपाशी १४५ मीटर उंचीवर जाते. ७५ मीटरची टेकडी तिच्या कितीतरी खाली राहते. ती पाण्यात दिसणार कशी?

मुलगी बांधावर उभी राहिली होती. तिचे चित्र खरे होते. उलट त्या उंचीवरून काढलेल्या चित्रात पाण्यातही टेकडी दिसली असती, तर ते जोडकाम ठरले असते.

त्या दिवसापासून पाण्याकाठचे चित्र हाती आले की मी आधी पाण्याकडे पाहतो. चित्रात काय झाले आहे ते पाणी पुष्कळदा सांगते.

पहिली गोष्ट, चित्र सरळ आहे का. समुद्राचे क्षितिज आडवे असावे हे कोणीही सांगेल. पण तळ्याचा किंवा नदीचा समोरचा काठ हे क्षितिज नव्हे. काठ आपल्यापासून तिरका दूर जात असेल तर तो चित्रात उतरता दिसणारच. पुष्कळ मुले, आणि काही परीक्षकही, तो काठ आडवा व्हावा म्हणून सबंध चित्र फिरवतात आणि मग झाडे कलंडतात. खरा ओळंबा प्रतिबिंबात आहे. खांबाचे टोक आणि त्याच्या प्रतिबिंबाचे टोक जोडणारी रेषा उभीच असली पाहिजे. कॅमेरा वर किंवा खाली झुकवला असेल तर कडेच्या रेषा थोड्या तिरप्या होतात, म्हणून ही परीक्षा चित्राच्या मध्याजवळ घ्यावी. मावळत्या सूर्याचा पाण्यावर पडणारा चकाकता पट्टाही असाच. तो सरळ सूर्याखालीच येतो. पट्टा एकीकडे आणि सूर्य दुसरीकडे असेल, तर सूर्य कोणीतरी हलवला आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. पाण्यावर सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परत फिरतो. आपाती कोन ६० अंश असेल तर ६ टक्के, ८० अंश असेल तर सुमारे ३५ टक्के. किरण पाण्याला अगदी घासून गेला तरच जवळजवळ सगळा परततो. म्हणजे उजळ आकाशाचे प्रतिबिंब आकाशाहून थोडे तरी मंद असलेच पाहिजे. काळ्या गोष्टींचे मात्र उलट होते. गढूळ पाण्यातून वर येणारा उजेड मिसळल्यामुळे काळ्या होडीचे प्रतिबिंब होडीहून फिकट दिसू शकते. पण ढग करडा आणि त्याचेच प्रतिबिंब लख्ख पांढरे, असे दिसले तर आकाश मागाहून काळवंडले आहे, किंवा भिंगापुढे वरचा भाग काळसर असलेली काच धरली होती, असे खुशाल समजा. मोबाईलवर आकाशाचा रंग गडद करताना हीच चूक सर्रास होते. वरचे आकाश नारिंगी होते, पाणी विसरले जाते.

येथे घाई मात्र नको. वाऱ्याने पाणी हलले की प्रत्येक लाट हा एक तिरपा आरसा होतो आणि चित्राच्या चौकटीबाहेरचे, डोक्यावरचे आकाश त्यात उतरते. संध्याकाळी वर नारिंगी आणि जवळच्या लाटांत निळे असे रंग खरोखरच असू शकतात. वरची परीक्षा निवांत पाण्यापुरतीच.

तर मग चित्रावर मागाहून काही काम करणे हा गुन्हा आहे काय? मुळीच नाही. १८५७ साली गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने सेत या बंदराजवळ फुटणाऱ्या लाटेचे एक चित्र तयार केले. त्या काळच्या कलोडियन काचपट्ट्या निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला फार संवेदनाक्षम असत. समुद्र नीट उमटावा इतका वेळ उजेड दिला की आकाश पांढरेफटक होऊन जाई. ल ग्रेने आकाशाची एक आणि समुद्राची दुसरी अशा दोन काचपट्ट्या वापरल्या आणि क्षितिजावर सांधा जुळवून कागदावर एकच चित्र छापले. त्यात कसब होते, आणि डोळ्यांना जे दिसते ते काचपट्टीला दिसत नसल्याची अडचणही होती. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराने तर १९९९ मध्ये ऱ्हाइन नदीच्या चित्रातून इमारती आणि माणसे संगणकावर काढून टाकली. हिरवे आणि राखाडी आडवे पट्टे तेवढे उरले. त्याने ते लपवले नाही. २०११ मध्ये ते चित्र ४३ लाख डॉलरना विकले गेले.

पण २०१२ साली ब्रिटनमधील निसर्गचित्रांच्या एका मोठ्या स्पर्धेत लिंडिसफार्न बेटाच्या किनाऱ्यावरील होड्यांच्या चित्राला दिलेले पहिले बक्षीस परत घेण्यात आले. त्या विभागाच्या नियमांत बसणार नाहीत इतके फेरफार त्यावर केलेले होते. फेरफार ल ग्रेनेही केले होते, पण येथे नियम आधीच ठरलेला होता. म्हणून परीक्षकाने पहिला प्रश्न विचारायचा तो, या स्पर्धेत काय चालते, हा.

मांडणीबद्दल थोडेसे. चित्राचे तीन भाग करून क्षितिज एकतृतीयांशावर ठेवावे, हा नियम जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली छापून मांडला. तो उपयोगी आहे, पण निवांत तळ्याला लावायचा हट्ट मला पटत नाही. प्रतिबिंब हाच विषय असेल तर काठाची रेषा खुशाल मध्यावर येऊ द्या. त्याहून कॅमेऱ्याची उंची महत्त्वाची. पाण्याच्या अगदी जवळ बसलात तर दूरचे डोंगरही पाण्यात जवळजवळ पुरते उतरतात. उंच घाटावर चढलात तर अलीकडची झाडे त्यांना गिळून टाकतात. त्या मुलीने बांधावर उभे राहून टेकडी फक्त वर ठेवली होती. तो तिने केलेला विचार होता की योगायोग, हे मी तिला विचारले. "विचारच होता सर," ती म्हणाली. "खाली बसून झाडांमागं टेकडी दिसतच नव्हती."

आम्ही तिघांनी सह्या करून, चित्र अस्सल आहे आणि चूक आमची आहे, असे पत्र तिच्या शाळेला पाठवले. ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवल्याचे नंतर कळले. बक्षिसे तेव्हा वाटून झाली होती. पहिले बक्षीस मिळालेल्या चित्रावर मी मागाहून पट्टी ठेवून पाहिली. त्यातील दीपमाळ आणि तिचे प्रतिबिंब यांच्यामधून जाणारी रेषा चांगली दोन अंशांनी कलली होती.